ऑर्डर लिहिणाऱ्याची आणि ऑर्डर वाचणाऱ्याची




गेल्या वर्षी आपल्यापैकी अनेकांनी दवाखान्याच्या संगणकांसाठी देणगी पाठवली. संगणक आले, वायरिंग झाले, इन्व्हर्टर बसला. नोंदणीच्या खिडकीवर केसपेपर आता संगणकावरच निघतो आणि औषधांचा साठाही त्यातच नोंदवला जातो. वॉर्डात मात्र डॉक्टरांच्या ऑर्डरी अजून कागदावरच लिहिल्या जातात. मागच्या महिन्यात भेटीला आलेल्या एका देणगीदार काकांनी मला सरळच विचारले, "मेट्रनबाई, वॉर्डातली यंत्रे धूळ खात पडली आहेत काय?"

प्रश्न रास्त होता. ज्यांनी पैसे दिले त्यांना तो विचारण्याचा हक्क आहे. म्हणून संपादकांच्या सांगण्यावरून त्याचे उत्तर या अंकात सविस्तर लिहीत आहे.

थोडक्यात उत्तर असे. ऑर्डर संगणकात भरण्याआधी ती कशी लिहायची, हे आम्ही आपसांत ठरवत आहोत. हे काम वेळ घेते. पण ते आधी केले नाही, तर कागदावरचा गोंधळ जसाच्या तसा पडद्यावर जाईल, आणि तिथे तो छापील अक्षरांत दिसत असल्यामुळे कोणाला शंकाही येणार नाही.

ऑर्डर म्हणजे काय

डॉक्टर रुग्णाला तपासतात आणि पुढे काय करायचे ते लिहून देतात. कोणते औषध, किती, कुठून, किती वेळाने, कोणत्या तपासण्या, काय खायला द्यायचे, कशावर लक्ष ठेवायचे. वॉर्डात आम्ही याला ऑर्डर म्हणतो. डॉक्टर लिहून पुढच्या रुग्णाकडे जातात. औषध काढते, भरते आणि टोचते ती सिस्टर. म्हणजे ऑर्डर लिहिणारा एक असतो आणि ती पार पाडणारी दुसरी असते. पुष्कळदा ती पाळी बदलल्यावर येते आणि तिने डॉक्टरांना पाहिलेलेही नसते. लिहिणाऱ्याच्या मनात जे होते तेच वाचणारीला कळले पाहिजे. सगळी अडचण या एवढ्याशा अंतरात आहे.

हे अंतर केवढे महाग पडू शकते, ते मी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी पाहिले.

एका रात्रीची गोष्ट

तेव्हा मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स होते. रात्रपाळीला आम्ही दोघी आणि एकच डॉक्टर. संध्याकाळी डोंगरातल्या पाड्यावरून एका गरोदर बाईला झोळीतून आणि मग जीपने आणले. रक्तदाब फार वाढलेला आणि झटके सुरू. याला एक्लाम्प्शिया म्हणतात. यावरचे खात्रीचे औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. डॉक्टरांनी पहिला डोस, म्हणजे शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, स्वतः समोर उभे राहून दिला. तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. झटके थांबले. तेवढ्यात दुसऱ्या रुग्णासाठी ऑपरेशन थिएटरमधून बोलावणे आले. जाता जाता ते म्हणाले, "सिस्टर, चार तासांनी पाच अँप्युल द्या." मी ऐकले तसेच केसपेपरवर लिहून ठेवले.

बारा वाजता मी पाच अँप्युल फोडून दिली. चार वाजता काही दिले नाही, कारण "चार तासांनी" द्यायचे ते देऊन झाले होते. पाचच्या सुमारास बाईला पुन्हा झटका आला.

नंतर हिशेब लागला. डॉक्टरांच्या मनात "दर चार तासांनी" होते. मी "चार तासांनंतर एकदा" असे समजले. त्यांच्या मनातले अँप्युल २ मिलीचे होते. ५० टक्के द्रावणाच्या अशा एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम औषध असते, म्हणजे पाचांत ५ ग्रॅम. पण तो साठा संपला होता आणि कपाटात १ मिलीची नवी पेटी उघडली होती. त्यात अर्धा-अर्धाच ग्रॅम. म्हणजे बाराच्या डोसला बाई अडीच ग्रॅमवर राहिली आणि चारचा डोस तिला मिळालाच नाही.

आणखी एक गोष्ट ऑर्डरमध्ये नव्हतीच. हे औषध जास्त झाले तर श्वास बंद पडू शकतो, म्हणून प्रत्येक डोसआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात. मला त्या पुस्तकातून ठाऊक होत्या, पण त्या रात्री कोणी मला त्या करायला सांगितल्या नव्हत्या, आणि मी केल्याही नाहीत. मोठी अँप्युले असती, तर चूक उलट्या बाजूनेही होऊ शकली असती.

बाई वाचली. सकाळी तिची आई माझ्याकडे आली. तिला मराठी नीट येत नव्हते. आमच्या आयाबाईंनी तिचे पावरी बोलणे मला सांगितले. ती विचारत होती, "आमचं काही चुकलं का? आणायला उशीर केला म्हणून झटका आला का?" मी मान हलवून नाही म्हटले. खरे कारण मी तिला सांगितले नाही. तेव्हा तेवढे धैर्य नव्हते.

शहरातला नातेवाईक गुगल बघून चार प्रश्न विचारतो, दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावतो. आमच्याकडे येणारी माणसे तसे करत नाहीत. दवाखान्यात काही बिघडले तर ती स्वतःलाच दोष देतात. त्यांच्या बाजूने प्रश्न विचारणारे कोणी नसते, म्हणून तो प्रश्न ऑर्डरच्या कागदानेच विचारला पाहिजे.

तीच ऑर्डर, ठरवलेल्या पद्धतीने

आता आम्ही तयार केलेला तक्ता पाहा. त्यात हीच ऑर्डर अशी आहे:

औषध: मॅग्नेशियम सल्फेट (पूर्ण नाव).
मात्रा: ५ ग्रॅम, म्हणजे ५० टक्के द्रावणाचे १० मिली.
मार्ग: स्नायूत खोल, आळीपाळीने एकेका कुल्ल्यात.
वेळ: दर ४ तासांनी, पुढच्या डोसांच्या वेळा घड्याळाप्रमाणे लिहिलेल्या.
किती काळ: प्रसूती किंवा शेवटचा झटका, यांपैकी जे नंतर घडेल तिथून २४ तास.
डोसआधी तपासा: गुडघ्यावर हलके ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, लघवी तासाला किमान ३० मिली होते का.
यांतले एकही "नाही" आले तर: डोस देऊ नका, डॉक्टरांना बोलवा.
उशाशी तयार ठेवा: कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम.

यात नवे शास्त्र काही नाही. सगळे पाठ्यपुस्तकातले आहे. फरक इतकाच की आता ते डॉक्टरांच्या घाईवर किंवा सिस्टरच्या आठवणीवर अवलंबून नाही. मात्रा नेहमी ग्रॅममध्ये लिहायची, अँप्युलमध्ये कधीच नाही, हा एक नियम त्या रात्री असता, तर निम्मी चूक टळली असती.

एकाच आजाराच्या अशा सगळ्या ऑर्डरी एकत्र बांधल्या की त्याला ऑर्डर-संच म्हणतात. ऑर्डरींचे प्रमाणीकरण म्हणतात ते हेच: एका गोष्टीसाठी एकच नाव, एकच एकक, एकच मांडणी, मग लिहिणारे डॉक्टर कोणीही असोत.

अक्षरे आणि शून्ये

ही अडचण केवळ आडगावच्या दवाखान्यांची नाही. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली ऑर्डरमध्ये वापरू नयेत अशा लघुरूपांची यादी लागू केली. इन्शुलिनच्या "युनिट"साठी लिहिलेले इंग्रजी यू हे अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात, म्हणून पूर्ण शब्द लिहायचा. १.० मधला टिंब पुसट झाला तर १० वाचले जाते, म्हणून पूर्णांकापुढे शून्य द्यायचे नाही. .५ मधला टिंब दिसला नाही तर ५ होते, म्हणून टिंबाआधी शून्य द्यायचेच. मॅग्नेशियम सल्फेट आणि मॉर्फीन सल्फेट यांची लघुरूपेही त्या यादीत आहेत, कारण ती एकमेकांशी गल्लत करतात. एक झटक्यांचे औषध आणि दुसरे तीव्र वेदनांचे.

आपल्याकडेही भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियमात दुरुस्ती करून डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असे सांगितले. मूळ नावाचा फायदा आम्हाला रोज दिसतो. तालुक्याहून एका नावाची तापाची गोळी घेऊन आलेल्या रुग्णाला आम्ही दुसऱ्या नावाची दिली, आणि दोन्हींत पॅरासिटामॉलच असले, तर डोस दुप्पट होतो. पाकिटांचे रंग निराळे असल्याने रुग्णाला ते कळणे शक्य नसते.

मग संगणकाने काय होते?

चांगले होते, हे आधी सांगते. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. डॉक्टरांनी ऑर्डरी संगणकावर लिहायला सुरुवात केल्यावर तिथे रुग्णापर्यंत पोहोचणाऱ्या औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या. अक्षर न लागण्याचा प्रश्न संपतो, मात्रा रिकामी सोडता येत नाही, ॲलर्जी असेल तर इशारा मिळतो.

पण संगणक जे सांगाल ते करतो. २०१३ साली अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या रुग्णालयात सोळा वर्षांच्या एका मुलाला कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक द्यायचे होते. डॉक्टरांना १६० मिलिग्रॅमची एक गोळी अपेक्षित होती. त्यांनी १६० हा आकडा भरला, पण त्या चौकटीत एकक होते "दर किलो वजनामागे मिलिग्रॅम". मुलाचे वजन ३८.६ किलो. संगणकाने प्रामाणिकपणे गुणाकार केला: ६,१७६ मिलिग्रॅम, म्हणजे साडेअडतीस गोळ्या. इशारे आले, पण दिवसभर एवढे इशारे येत असत की डॉक्टर आणि औषधविभाग दोघांनीही ते पुढे ढकलले. नर्सने पडद्यावरची ऑर्डर पाहिली आणि मुलाला साडेअडतीस गोळ्या दिल्या. त्याला झटका आला. सुदैवाने तो वाचला. अक्षर स्वच्छ होते, नाव बरोबर होते. एकक कोणते, एवढेच दोघांमध्ये ठरलेले नव्हते. माझ्या पाच अँप्युलांची आणि या साडेअडतीस गोळ्यांची गोष्ट मला एकच वाटते.

दुसरा धडा २००५ सालचा. अमेरिकेतल्या एका बालरुग्णालयाने संगणकीय ऑर्डरी थोड्या दिवसांत सर्वत्र लागू केल्या. बाहेरून अत्यवस्थ स्थितीत आणलेल्या मुलांमधला मृत्यूदर त्यानंतरच्या काळात २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे तिथल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. पूर्वी मूल वाटेत असतानाच ऑर्डरी तयार होत. आता ते पोहोचून नोंदणी होईपर्यंत काही लिहिता येत नव्हते. पुढच्या वर्षी सिएटलच्या बालरुग्णालयाने आपला अनुभव मांडला. त्यांनी अतिदक्षता विभागासाठी ऑर्डर-संच आधीच तयार ठेवले होते, आणि तिथे मृत्यूदर वाढला नाही.

म्हणून आमचा क्रम ठरला: आधी संच, मग संगणक.

दुसऱ्याचे संच का चालत नाहीत

तयार संच बाहेर मिळतात. ते तसेच का घेत नाही, असेही विचारले जाते. आमच्याकडे येणारे आजार आणि माणसे पाहिली की कारण कळते.

अतिकुपोषित मुलाला जुलाब झाले की सलाइन लावावे असे कोणालाही वाटते. पण अशा मुलाचे हृदय जास्तीचे पाणी पेलू शकत नाही. म्हणून शॉकमध्ये नसेल तर शिरेतून सलाइन नाही. तोंडाने खास जलसंजीवनी आणि एफ-७५ हे सुरुवातीचे दूध. त्याचे प्रमाण दिवसाला दर किलोमागे १३० मिली. सहा किलोच्या मुलाला ७८० मिली, म्हणजे दर दोन तासांनी ६५ मिली. अंगावर फार सूज असेल तर किलोमागे १०० मिली. जुलाबाचा सर्वसाधारण संच लावला, तर नेमके चुकीचे घडेल. इथे आमचा नियम कडक आहे: वजन भरल्याशिवाय ऑर्डरचा तक्ता उघडायचाच नाही.

सर्पदंशात मात्र उलट. मूल लहान असले तरी सापाने विष कमी सोडलेले नसते. म्हणून प्रतिविषाची मात्रा मुलालाही मोठ्या माणसाएवढीच. तिथे वजनावर हिशेब करणारा तक्ता मुलाला कमी औषध देईल. आमच्याकडे एक डॉक्टर ८ व्हायलने सुरुवात करत, दुसरे १० ने. दोघांनी बसून १० ठरवले आणि आता सगळे तेच लिहितात. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी दर सहा तासांनी, हेही त्याच तक्त्यात आहे.

तिसरे, सिकलसेल आणि जी६पीडीची कमतरता. आदिवासी समाजात या दोन्ही आनुवंशिक गोष्टी बऱ्याच आढळतात. जी६पीडी कमी असलेल्या माणसाला हिवतापावरचे प्रायमाक्विन दिले तर रक्तपेशी फुटू शकतात. म्हणून आमच्या हिवतापाच्या तक्त्यात प्रायमाक्विनच्या ओळीआधी जी६पीडीच्या तपासणीची ओळ येते. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात तपासणी झालेल्यांना कार्ड मिळते. ते कार्ड पाहिले का, हा प्रश्नही तक्त्यात आहे.

नावांचे कोश

आमचा रुग्ण आमच्यापाशी थांबत नाही. जिल्हा रुग्णालयात जातो, ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात जातो. तिथल्या संगणकाला आमची नोंद कळायची तर शब्द जुळले पाहिजेत. त्यासाठी आजार आणि उपचारांच्या नावांचा स्नोमेड सीटी आणि तपासण्यांसाठी लॉइंक असे जागतिक कोश आहेत. भारत २०१४ साली स्नोमेडचा सभासद झाला, त्यामुळे आपल्या देशातल्या दवाखान्यांना तो विनामूल्य आहे. त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी आभा क्रमांक याच जोडणीसाठी आहे.

आणि हे फक्त मोठ्या रुग्णालयांना जमते असे नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था आदिवासी आणि गरीब रुग्णांसाठी रुग्णालय चालवते. 'बाह्मनी' ही खुली, विनामूल्य रुग्णालय-प्रणाली प्रथम त्यांच्यासाठीच तयार झाली. आफ्रिकेतल्या कामातून उभ्या राहिलेल्या ओपनएमआरएसचा तिला पाया आहे, आणि आज ती अनेक देशांत वापरली जाते. खेड्यातल्या दवाखान्याच्या गरजेतून जगाच्या उपयोगाची वस्तू निघाली, याचा आम्हाला मोठा आधार वाटतो.

आमचे शनिवार

दर शनिवारी दुपारी डॉक्टर, सिस्टर, औषधविभागाचे भाऊ आणि लॅबच्या ताई एकत्र बसतात. एका बैठकीला एकच आजार. तक्ता तयार झाला की शेवटची परीक्षा घेते वॉर्डातली सगळ्यात नवी सिस्टर. ती तो मोठ्याने वाचते आणि काय करणार ते सांगते. तिला एकही प्रश्न पडला, तर तक्ता परत जातो. पहिल्या महिन्यात एकही तक्ता पहिल्या फेरीत पास झाला नाही. डॉक्टरांना ते सुरुवातीला रुचले नाही. "प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, साच्यात कसा बसवणार?" असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणेही खोटे नाही. म्हणून तक्त्यातली कोणतीही ओळ डॉक्टर बदलू शकतात; फक्त बाजूला कारण लिहायचे. प्रत्येक तक्त्यावर तारीख आहे आणि वर्षाने तो पुन्हा तपासायचा आहे.

तोंडी ऑर्डर तातडीच्या वेळी लागतेच. ती घेणाऱ्या सिस्टरने लिहून परत वाचून दाखवायची आणि डॉक्टरांनी "बरोबर" म्हणायचे. वीज गेली, तर त्याच मांडणीचे छापील कागद वॉर्डात तयार आहेत. पावसाळ्यात त्यांची गरज पडणारच.

बारा तक्ते ठरवले होते. आठ पूर्ण झाले आहेत. एक्लाम्प्शियाचा तक्ता येत्या तिमाहीत सगळ्यात आधी संगणकावर जाईल. तेव्हा यंत्रे धूळ खात नाहीत, एवढे काकांना सांगावेसे वाटते. आपण दिलेल्या पैशांचे काम चालू आहे, फक्त ते अजून पडद्यावर दिसत नाही. मुलांच्या वॉर्डासाठी दोन चांगले वजनकाटे मात्र हवे आहेत. वजन चुकले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. कोणाला जमले तर जरूर कळवावे.

त्या सकाळी त्या आईला जे उत्तर मी दिले नाही, ते देण्याची संधी आता मिळणार नाही. पण माझ्या हाताखालच्या मुलींवर तशी सकाळ येऊ नये, म्हणून आम्ही शनिवारी बसतो. आपल्या प्रार्थनेत आमची आठवण असू द्यावी.

आपली,
मेट्रन